भागाकार, गुणाकार आणि हर्थाबाईंचा आर्क

विजेच्या बिलावर आम्ही बोललो होतो, तो भाग ऐकून एका ताईंनी निरोप पाठवला. युनिट म्हणजे काय ते कळलं, म्हणाल्या, पण इस्त्रीवरच्या पट्टीवर व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात, वायरमन ओहम-ओहम करत असतो, या सगळ्यांचं एकमेकांशी नातं काय? प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर दोन ओळींचं आहे आणि त्या दोन ओळींमागची हकिकत सव्वाशे वर्षांची आहे. आज दोन्ही सांगतो. हकिकतीत शेवटी एक बाई येतात. त्यांच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला, हे आधीच सांगून टाकतो.

आधी दोन ओळी. विजेला तारेतून ढकलणारा जोर म्हणजे व्होल्टेज, तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून प्रत्यक्ष वाहते ती धारा, म्हणजे करंट, तो अँपिअरमध्ये. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, म्हणजे वाटेत विजेची किती अडवणूक होते ते कळतं. हा ओहम. आणि व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती मिळते, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते कळतं. हा वॅट. दोनच आकडे, एकदा भागायचे, एकदा गुणायचे.

इस्त्री घेऊ. घरात २३० व्होल्ट आहेत आणि इस्त्री ४ अँपिअर घेते. २३० भागिले ४ म्हणजे साडेसत्तावन्न ओहम. २३० गुणिले ४ म्हणजे ९२० वॅट. तासभर सलग तापली तर एका युनिटला थोडं कमी. आता संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, दिवे पिवळे होतात. समजा १८० व्होल्टच येतायत. इस्त्रीतली तार तीच आहे, तिचा रोध जवळपास तेवढाच राहतो. १८० भागिले साडेसत्तावन्न, म्हणजे धारा झाली ३.१३ अँपिअर. आणि शक्ती? १८० गुणिले ३.१३, सुमारे ५६३ वॅट. व्होल्टेज पाव हिश्शापेक्षाही कमी घटलं, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्के घटली, कारण जोर कमी झाला की धाराही कमी होते आणि गुणाकारातले दोन्ही आकडे एकदम खाली येतात. सुती साडीच्या चुण्या का निघत नाहीत, ते इथे कळतं. इस्त्रीचा काही दोष नसतो.

हे आज सातवी-आठवीतली मुलगीही करेल. पण हा साधा भागाकार जगाला मान्य व्हायला फार वर्षं लागली.

इंग्लंडमध्ये हेन्री केव्हेंडिश नावाचे एक अतिश्रीमंत, अतिलाजाळू गृहस्थ होते. इतके लाजाळू, की रात्रीच्या जेवणाला काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून ठेवत, मोलकरणीसमोर यायला नको म्हणून. १७८१ साली त्यांच्याकडे धारा मोजायचं कुठलंही यंत्र नव्हतं, कारण ते जगातच नव्हतं. मग त्यांनी स्वतःचं शरीर वापरलं. काचेच्या नळ्यांत मिठाचं पाणी भरायचं, साठवलेली वीज त्यातून आणि आपल्या अंगातून जाऊ द्यायची, आणि कुठला झटका जास्त बसला ते मनाशी तोलायचं. अशा झटक्यांवरून ते बरोबर उत्तरापर्यंत पोचले: जोर दुप्पट तर धारा दुप्पट. आणि मग वही मिटून ठेवली. छापलंच नाही. त्या वह्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ साली प्रसिद्ध केल्या, तोवर तोच शोध दुसऱ्या एकाच्या नावावर रूढ होऊन गेला होता.

तो दुसरा म्हणजे जॉर्ज सायमन ओहम. जर्मनीत एर्लांगन गावी १७८९ साली एका कुलूप बनवणाऱ्याच्या घरी जन्मला. बाप शाळेत फारसा गेलेला नव्हता, पण स्वतः गणित शिकला आणि मुलांना शिकवलं. आई शिंप्याची मुलगी. ती ओहम दहा वर्षांचा असताना गेली. पुढे ओहम कोलोनच्या शाळेत मास्तर झाला. शाळेत उपकरणं बरी होती, आणि कुलूपवाल्याच्या पोराला धातूचं काम हातचं होतं.

त्याची पहिली अडचण आपल्या ओळखीची आहे: व्होल्टेज टिकत नव्हतं. त्या वेळच्या बॅटऱ्या सुरू केल्या की लगेच मलूल होत. मोजता मोजता जोरच बदलतो, मग भागाकार कशाचा करणार? १८२५ साली त्याने छापलेलं पहिलं सूत्र त्यामुळे चुकलं. पोगेनडोर्फ नावाच्या संपादकाने सुचवलं की बॅटरी सोडा, उष्णतेवर चालणारं जोड वापरा. बिस्मथ आणि तांबं हे दोन धातू जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की बारीकशी पण अगदी स्थिर वीज मिळते. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतंय, तोवर जोर तसूभर हलत नाही. मग त्याने सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सगळ्यांत आखूड दोन इंचांची, सगळ्यांत लांब १३० इंचांची. एकेक जोडायची, वर टांगलेली चुंबकसुई किती फिरते ते पाहायचं. तार लांब तशी धारा कमी, अगदी हिशोबात. १८२६ साली हे छापलं आणि १८२७ साली त्याचं पुस्तक आलं.

जर्मनीतल्या विद्वानांनी पुस्तकाकडे नाकं मुरडली. निसर्गाचे नियम तत्त्वचिंतनातून उमगतात, तारा जोडून नाही, असा काहींचा तोरा होता. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि कित्येक वर्षं किरकोळ शिकवण्यांवर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली. खरा मान आला तो परदेशातून: लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ली पदक दिलं. रॉयल सोसायटी हे नाव लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

त्याच १८४१ साली गुणाकाराची बाजूही पक्की झाली. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या एका मद्य गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा जेम्स ज्यूल. वय २२. त्याने तारेची वेटोळी पाण्यात बुडवून वीज सोडली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. रोध दुप्पट तर उष्णता दुप्पट, पण धारा दुप्पट तर उष्णता चौपट, असं निघालं. ही चौपटीची गोष्ट स्वयंपाकघरात फार महत्त्वाची. सैल प्लगच्या पिनेपाशी अर्धा ओहम रोध असला, तर १ अँपिअरला तिथे अर्धा वॅट उष्णता होते, कळतही नाही. पण गिझर लावला आणि ९ अँपिअर वाहू लागले, तर नऊ नव्वे एक्याऐंशी, त्याचे निम्मे, चाळीस वॅट! एवढी उष्णता चण्याएवढ्या जागेत. प्लग तपकिरी पडतो, वास येतो, तो यामुळे. असा प्लग दिसला तर त्यावर चिकटपट्टी लावून चालवू नका, बदलून घ्या.

पुढचं झरझर सांगतो. तारायंत्रं आली, समुद्राखालून केबली गेल्या, आणि लाखो रुपयांची केबल कुठे तुटली ते किनाऱ्यावर बसून शोधायला ओहमचाच भागाकार कामी आला. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही मापं ठरली. १८८२ साली विल्यम सीमेन्स यांनी वॅट सुचवला. कोणाची नावं मापांना मिळाली ते पाहा, सगळे पुरुष. आम्हाला त्यात आक्षेप नाही, त्यांनी कामं केली होती. पण ज्या जागी ओहमचा भागाकार फसतो, तिथे उभं राहून नवा हिशोब मांडणारी बाई होती, आणि तिच्या नावाचं माप नाही.

भागाकार फसतो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. पेटलेला असताना त्याचा रोध २३० व्होल्टच्या हिशोबाने ५२९ ओहम येतो. पण बंद करून थंड होऊ दिला आणि मीटर लावला, तर पन्नास ओहमसुद्धा भरत नाही. तार तापली की रोध वाढतो. बल्ब नेहमी बटण दाबतानाच फट्कन का जायचे, ते यात आहे: थंड तारेतून पहिल्या क्षणी दहापटीने धारा घुसते. म्हणजे भागाकाराचं उत्तर त्या घटकेपुरतं खरं. आणि बल्बच्या शंभरपट खट्याळ वस्तू म्हणजे आर्क.

आर्क आपण सगळ्यांनी पाहिलाय. गेट बनवणाऱ्याच्या दुकानात वेल्डिंगची निळी-पांढरी ज्योत असते, जिच्याकडे बघू नको म्हणून आपण पोरांना ओढतो, तो आर्क. आणि आमच्यातल्या वयस्कर मैत्रिणींना जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवत असेल, त्याच्या मशीनमध्येही दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये असाच आर्क पेटायचा. कांड्या जळून आखूड व्हायच्या, ऑपरेटर त्या सरकवत राहायचा. विसरला की पडद्यावर अंधार आणि तंबूत शिट्ट्या. विजेचे बल्ब घरोघरी पोचण्याआधी युरोपातले रस्ते, स्टेशनं आणि दीपस्तंभ अशा आर्कच्या दिव्यांनी उजळत. पण ते दिवे फुरफुरत, लवलवत आणि मध्येच सापासारखे फूत्कारत. का, ते कोणाला नीट सांगता येत नव्हतं.

आता त्या बाई. ओहम १८५४ साली जुलैत वारला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडच्या पोर्टसी गावी फीबी सारा मार्क्स जन्मली. वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी. ती सात वर्षांची असताना ते कर्ज मागे ठेवून गेले. घरात सात मुलं, आठवं पोटात. आईने शिवणकामावर संसार ओढला. नऊ वर्षांची असताना सारा लंडनला मावशीच्या शाळेत गेली, आणि सोळाव्या वर्षी मुलांना शिकवून स्वतः कमवायला लागली, घरी पैसे पाठवायला लागली. हर्था हे नाव तिने तरुणपणी घेतलं. आता आपण त्यांना हर्थाबाईच म्हणू.

बार्बरा बोदिशाँ या स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्यामुळे हर्थाबाई केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेल्या, १८८० साली गणिताची परीक्षा पास झाल्या. पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज बायकांना पदवी देत नव्हतं, आणि १९४८ पर्यंत दिली नाही. हर्थाबाईंनी लंडन विद्यापीठाची परीक्षा बाहेरून देऊन पदवी घेतली. १८८४ साली कोणतीही रेघ हव्या तितक्या सारख्या भागांत विभागणाऱ्या एका साधनाचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात विजेच्या संध्याकाळच्या वर्गाला बसल्या. शिकवणारे होते प्राध्यापक विल्यम एअर्टन. १८८५ साली दोघांनी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगी झाली.

आणि मग काही वर्षं हर्थाबाईंच्या संशोधनाचा विशेष पत्ता नाही. का नाही, ते आपल्याला कोणी सांगायला नको. १८९१ साली बोदिशाँबाई वारल्या, त्यांनी हर्थाबाईंच्या नावे पैसे ठेवले होते. त्या पैशातून हर्थाबाईंनी घर बघायला एक बाई ठेवली आणि प्रयोगशाळेत परत गेल्या. विज्ञानाच्या इतिहासात घरकाम करणाऱ्या त्या बाईचा पगार कुठे लिहिलेला नसतो. आम्हाला तो लिहावासा वाटतो.

आर्कचं काम आधी एअर्टन यांचं होतं. १८९३ साली त्यांनी शिकागोच्या परिषदेत निबंध वाचला, आणि तो छापण्याआधीच अपघाताने जळून गेला. हर्थाबाईंनी काम हाती घेतलं ते पुन्हा मुळापासून. त्यांनी पाहिलं, की सगळ्यांचे आकडे एकमेकांशी भांडतात याचं कारण घाई आहे. धारा बदलली की कार्बनची टोकं हळूहळू झिजून नवा आकार घेतात, आणि तो पक्का होईपर्यंत व्होल्टेज सरकत राहतं. मग त्या धारा कायम ठेवत, कांड्या जळतील तशा सरकवून मधलं अंतर कायम ठेवत, आणि व्होल्टमीटरचा काटा पूर्ण स्थिरावेपर्यंत थांबत. मगच आकडा लिहीत. ओहमने उकळतं पाणी आणि बर्फ वापरून जी स्थिरता मिळवली, ती यांनी थांबून मिळवली.

त्या आकड्यांतून निघालेला हिशोब तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन करून बघू शकता. आर्कला लागणारे व्होल्ट म्हणजे आधी ३८.८८. त्यात अंतराच्या दर मिलिमीटरला २.०७ मिळवा. मग ११.६६ मध्ये दर मिलिमीटरला १०.५४ मिळवून त्या बेरजेला अँपिअरने भागा, आणि तेही वरच्यात घाला. बस. हे त्यांच्या भरीव कार्बनच्या कांड्यांचे आकडे.

अंतर २ मिलिमीटर ठेवू. ६ अँपिअरला येतात साडेअठ्ठेचाळीस व्होल्ट. १२ अँपिअरला येतात ४५.८. पाहिलंत? धारा दुप्पट झाली आणि लागणारा जोर चक्क कमी झाला! इस्त्रीत असं कधी होत नाही. भागाकार करा: आधी रोध ८.१ ओहम होता, आता ३.८. म्हणजे आर्कला “एवढा रोध” असं एक उत्तर नाहीच. गुणाकार मात्र शहाण्यासारखा वागतो: आधी २९१ वॅट, आता साडेपाचशे. खर्चाचा हिशोब दर वेळी खरा, रोधाचा त्या घटकेपुरता.

याने लगेच एक धोका दिसतो. आर्क सरळ व्होल्टेजला जोडला, तर धारा जरा वाढताच त्याला कमी व्होल्ट पुरतात, उरलेले व्होल्ट धारा आणखी वाढवतात, आणि प्रकरण हाताबाहेर जातं. म्हणून पुढे एक साधी तार लावायची, जी ओहमचा नियम इमानाने पाळते. ६५ व्होल्टचा पुरवठा धरू. १२ अँपिअरला आर्क ४५.८ घेतो, उरतात १९.२. भागिले १२, म्हणजे १.६ ओहमची तार. ती फुकट तापवण्यात २३० वॅट जातात, पण आर्क ताळ्यावर राहतो. तुमच्या जुन्या ट्यूबलाइटला जो चोक असायचा ना, तोही असाच लगाम. ट्यूबमधल्या वायूचा स्वभाव आर्कसारखाच.

फूत्काराचंही कोडं त्यांनी सोडवलं. धारा फार वाढवली की आर्क एकदम फुसफुसू लागतो आणि व्होल्टेज धाडकन दहाएक व्होल्टनी पडतं. वरच्या कांडीच्या टोकाला जो तापलेला खळगा असतो, तो मोठा होत होत कडेपर्यंत आला की बाहेरची हवा आत शिरते आणि तिथला कार्बन पेट घेतो. हे त्यांनी ताडून पाहिलं: हवा बंद केली की व्होल्टेज असं पडत नाही, खळग्यावर प्राणवायू फुंकला की लगेच पडतं. १८९९ साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत त्यांनी यावरचा निबंध स्वतः उभं राहून वाचला. तिथे असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. १९०२ साली ‘द इलेक्ट्रिक आर्क’ हे त्यांचं पुस्तक आलं.

आणि रॉयल सोसायटी? १९०१ साली आर्कवरचा त्यांचा निबंध तिथे वाचला गेला, पण त्यांनी नाही. जॉन पेरी या सहकाऱ्यांनी वाचला, कारण बाईला मुभा नव्हती. १९०२ साली पेरी आणि इतरांनी त्यांचं नाव फेलो म्हणून सुचवलं. सोसायटीने वकिलांना विचारलं. वकिलांनी सांगितलं, सनदेप्रमाणे विवाहित स्त्री निवडून येण्यास पात्रच नाही. त्या काळच्या कायद्याच्या नजरेत लग्न झालेल्या बाईला नवऱ्यापासून वेगळी ओळख नव्हती. ज्या हिशोबाचा प्रत्येक आकडा त्यांनी स्वतः काटा स्थिरावेपर्यंत थांबून लिहिला, त्याची धनी म्हणून त्यांना खुर्ची मिळाली नाही.

१९०४ साली मात्र त्यांना तिथे स्वतः निबंध वाचू दिला गेला. विषय वेगळाच होता, किनाऱ्यावरच्या वाळूत उठणाऱ्या लहरी. १९०६ साली सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं, आर्क आणि वाळू या दोन्ही कामांसाठी. पदक दिलं, सभासदत्व नाही. त्याच सुमारास रेडियमचं श्रेय वर्तमानपत्रं मेरी क्युरींऐवजी त्यांच्या नवऱ्याला देत, तेव्हा हर्थाबाई संपादकांना पत्रं लिहून खडसावत. क्युरीबाई त्यांच्या मैत्रीण होत्या. १९१२च्या उन्हाळ्यात, आजारपण आणि बदनामी या दोन्हींनी खचलेल्या असताना, त्या हर्थाबाईंकडेच इंग्लंडला येऊन राहिल्या.

हर्थाबाई १९२३ साली गेल्या. रॉयल सोसायटीत पहिल्या दोन स्त्रिया फेलो झाल्या १९४५ साली, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन. त्यांतल्या लॉन्सडेलबाई विवाहित होत्या, तीन मुलांची आई.